रविवारची गरिबी

माणूस समुद्रसपाटीपासून जसजसा वर जातो तसतसा तो साधा, सरळ आणि निष्पाप होत जातो, ही गोष्ट आता सर्वमान्य आहे. किनाऱ्यावरचा माणूस लबाड असतो, कारण त्याच्याकडे बंदर असतं, बाजार असतो आणि दुसरीकडे जायची सोय असते. घाटमाथ्यावरच्या माणसाकडे यातलं काही नसतं, म्हणून त्याच्याकडे मन असतं. घाट चढताना कानात दडे बसतात. ते हवेच्या दाबाने बसतात असं विज्ञान म्हणतं. 'मातीची ओढ' या संस्थेच्या माहितीपत्रकानुसार ती लबाडी गळून पडत असल्याची खूण आहे.

(नाशिक शहरही घाटावरच आहे, पण तिथल्या रिक्षावाल्यांना हा सिद्धांत लागू होत नाही. सहलीचा मार्ग शहराला वळसा घालून जातो तो यामुळेच.)

'मातीची ओढ' दर रविवारी वसईच्या किनाऱ्यावरून एक वातानुकूलित बस घाटावर आणते आणि त्याच दिवशी परत नेते. या फेरीला 'किनारा ते घाटमाथा : एकदिवसीय मार्गदर्शित सहल' असं म्हणतात. दिवसाचा मोठा भाग बसमध्येच जातो अशी तक्रार काही जण करतात. ती अज्ञानातून येते. तो वेळ प्रवाशांनी गावासाठी व्याकूळ व्हावं म्हणून मुद्दाम राखून ठेवलेला आहे. व्याकूळ करण्याचं काम मार्गदर्शक रोहित याच्याकडे आहे. रोहित नाशिकच्या कॉलेज रोडचा. नांगर त्याने पहिल्यांदा याच नोकरीत पाहिला, त्यामुळे नांगराबद्दल तो जितक्या गहिवराने बोलतो तितकं कोणा शेतकऱ्याला जमलेलं नाही. कसारा घाट संपला की तो प्रत्येक प्रवाशाला फेटा बांधतो. गॉगल प्रवाशांचे स्वतःचे असतात.

यजमान

सहलीचं मुख्य आकर्षण म्हणजे एक अस्सल शेतकरी कुटुंब. ते नाशिकजवळ गिरणारे गावाच्या रस्त्याला, आतल्या एका वस्तीवर राहतं. कुटुंबप्रमुख पुंजाअप्पा, पत्नी सुवर्णाबाई आणि एकुलता एक मुलगा योगेश. सोमवार ते शनिवार हे कुटुंब दुमजली बंगल्यात राहतं, पॉलिहाऊसमध्ये गुलाब आणि रानात टोमॅटो पिकवतं, पाण्याची मोटर मोबाइलवरून चालू-बंद करतं आणि संध्याकाळी सोफ्यावर बसून मालिका बघतं. रविवारी ते गरीब असतं.

यात फसवणूक काही नाही. टोमॅटोचा भाव कोणाच्या हातात नसतो. गरिबीचा भाव मात्र ठरलेला असतो आणि तो आगाऊ मिळतो. शिवाय तिच्यावर करपा पडत नाही. कोणताही विचारी शेतकरी हेच पीक घेईल.

यजमान कुटुंबासाठी सूचना (निवडक)

१. चारचाकी कडब्याखाली ठेवावी. कडबा नसल्यास संस्था पुरवेल.

२. रविवारी कुटुंबाने जुन्या गोठ्यात राहावं. (गोठ्याला मागच्याच वर्षी फरशी बसवली आहे आणि फरशीवर शेण धरत नाही. म्हणून आधी ताडपत्री, ताडपत्रीवर माती, मातीवर शेण. शेण शेजारच्या गावाहून पिकअपने येतं. त्याच फेरीत बैलही येतात, म्हणजे गाडीभाडं वाचतं. दोन्ही एकाच ठिकाणाहून घेतल्याने अस्सलपणाही टिकतो.)

३. कोणी विचारपूस केल्यास "आमचं काय, चाललंय" एवढंच सांगावं. पुढे बोलू नये.

५. संडास विलायतीच असावा. या एका बाबतीत अस्सलपणाचा आग्रह आजवर कोणीही धरलेला नाही.

(चौथी सूचना सुवर्णाबाईंच्या लुगड्याला ठिगळ लावण्याविषयी होती. ती ऐकून त्या रोहितला जे म्हणाल्या त्यानंतर संस्थेने ती स्वतःहून मागे घेतली.)

राहता राहिला बंगला. दुमजली, डाळिंबी रंगाचा. त्यावर कडबा टाकता येत नाही. इथे रोहितची हुशारी कामी आली. तो बंगला एका बिल्डरचा आहे, गरिबांच्या जमिनी घशात घालून त्याने तो बांधला आहे, असं तो माइकवर सांगतो. चाळीस प्रवासी बंगल्याकडे एकाच वेळी तिरस्काराने बघतात. तिरस्कार करायला काही मिळालं की भाकरी चांगली पचते, असा संस्थेचा अनुभव आहे.

योगेश

योगेश तेहतिशीतला, शेतकी पदवीधर, स्वभावाने गरीब. (ही गरिबी आठवडाभर असते.) त्याचं लग्न जुळत नव्हतं.

यात त्याचा काही दोष नव्हता आणि तो एकटाही नव्हता. तिशी ओलांडलेली त्या वस्तीवरची बिनलग्नाची मुलं मोजली तर क्रिकेटचे दोन संघ होऊन पंच उरतात. त्यामुळे वस्तीचं क्रिकेट तालुक्यात नावाजलेलं आहे. मुलीकडच्यांना जमीन हवी असते, पण तिच्यात पाय घालणारा मुलगा नको असतो. या दोन्ही अटी पुऱ्या करणारा इसम म्हणजे वर ज्याचा उल्लेख आला तो बिल्डर. पण तो अस्तित्वात नाही.

बंगला योगेशच्या लग्नासाठीच बांधला होता. सुवर्णाबाईंनी सून यायच्या आधी सुनेसाठी ओटा निवडला. शहरातल्या मुली उंच असतात असं त्यांनी मालिकांत पाहिलं होतं, म्हणून ओटा उंच घेतला. तेव्हापासून त्या स्वतः पाटावर उभ्या राहून पोळ्या लाटतात.

आणि मग रंगनाथमामांनी एक स्थळ आणलं. रंगनाथमामा हे कोणाचे सख्खे मामा नाहीत. लग्नं जुळवतात म्हणून पंचक्रोशीचे मामा. मुलगी वेदिका, वसईला एका ऑफिसात हिशेब बघते. वडील भारतराव, मूळचे कळवणकडचे, नोकरीनिमित्त तिकडे गेलेले, आई दीपमाला. मुलीने म्हणे स्वतःहून सांगितलं होतं, गावात राहायची माझी तयारी आहे. हे वाक्य सुवर्णाबाईंनी मामांकडून फोनवर तीनदा वदवून घेतलं. नंतर पुंजाअप्पांना फोन देऊन त्यांनाही ऐकवायला लावलं.

एका जुन्या रीतीबद्दल

आपल्याकडे शहाणा मुलीचा बाप मुलाचं घर बघायला कळवून जात नाही. कळवलं की घर फुगतं. दारात चुलत्याचा ट्रॅक्टर उभा राहतो, गोठ्यात मेहुण्याच्या म्हशी येतात, आणि आयुष्यात कधी न हसलेला सासरा हसतो. म्हणून बाप अवचित जातो. कुणी 'इकडे एका मयतीला आलो होतो' म्हणतो, कुणी 'गाडी तापली, पाणी मिळेल का' म्हणतो. पाणी कोणत्या भांड्यात येतं ते बघून तो परत जातो.

भारतराव वसईला गेले तरी रीत विसरले नव्हते. त्यांना असंही कळलं की वसईहून नेमक्या त्या वस्तीवर दर रविवारी एक बस जाते. नाश्ता आणि जेवण धरून. त्यांनी तीन तिकिटं काढली. इतक्या सोयीने अवचित जाण्याची संधी त्यांच्या आजोबांच्या पिढीला मिळाली नव्हती.

त्या रविवारी

बस आली. चाळीस फेटे उतरले. योगेश धोतर नेसून नांगर हाकत होता, म्हणजे तो कासरा धरून चालत होता आणि पिकअपच्या आडोशाला बसलेला बैलांचा मालक तोंडाने आवाज करून बैल चालवत होता. सुवर्णाबाई रहाटाने पाणी शेंदत होत्या. बिल्डरचा तिरस्कार झाला. पंगत बसली. पिठलं, भाकरी, ठेचा.

तेवढ्यात सुवर्णाबाईंच्या कनवटीला खोचलेला फोन थरथरला. त्या चुलीमागे गेल्या.

"ताई, बोलू नका, नुसतं ऐका," रंगनाथमामा म्हणाले. "ती वसईची मंडळी आज आलीत."

"कुठं आलीत?"

"तुमच्याच बशीत हायेत. मला सांगू नको म्हनले होते. पन मला राहावना."

"अवो, कोनती?"

"आता ते मला काय माहीत. मी काय बशीत हाय का. फोनवरची वळख. नवरा, बायको अन् मुलगी, एवढं धरून चला."

सुवर्णाबाईंनी पंगतीकडे बघितलं. मामांनी पाठवलेल्या फोटोतली मुलगी पैठणीत होती. पंगतीत सगळ्या फेट्यात आणि गॉगलमध्ये होत्या. त्यांनी पुंजाअप्पांना खुणेने बोलावलं.

"मुलीकडचे जेवत्यात."

"कोन?"

"यातलेच तिघं."

पुंजाअप्पा व्यवहारी माणूस. त्यांनी प्रश्न नीट मांडून बघितला. "म्हंजी सदतीस जनांना गरीब दिसायचं अन् तिघांना बरं दिसायचं. एकाच पंगतीत. ते कसं काय?"

"ते तुमचं तुम्ही बघा. मी तूप आनते."

सुस्थिती दाखवण्याचे प्रयत्न आणि प्रवाशांनी लावलेला अर्थ

तूप वाढलं. साजूक, रवाळ, वाटी भरून. एक निवृत्त बँक अधिकारी बायकोला म्हणाले, "बघ, घरात काही नसताना तूप वाढतात. ही खरी श्रीमंती." आणि त्यांनी आणखी मागितलं.

सुवर्णाबाई बंगल्यात जाऊन मागच्या दाराने पाटल्या घालून आल्या. पाणी वाढताना त्यांनी हात गरजेपेक्षा पुढे केला. "एक ग्रॅमच्या आहेत," एक मॅडम शेजारणीला हळूच म्हणाल्या, "पण किती हौसेने घातल्यात गं."

योगेशला सांगण्यात आलं तेव्हा तो बैल सोडून पळतच आला आणि पंगतीसमोर उभा राहून खतं, ठिबक आणि गुलाबाच्या निर्यातीबद्दल बोलू लागला. तो चांगलं बोलला. सगळे ऐकत होते. शेवटी एकाने विचारलं, "शाळा कितवीत सुटली तुझी?" योगेश म्हणाला, "मी पदवीधर आहे." त्यावर तो गृहस्थ म्हणाला, "देशात बेकारी किती आहे बघा."

योगेशने खिशातल्या किल्लीचं बटण दाबलं. कडबा दोनदा बोलला आणि त्याच्या आत पिवळे दिवे लागले. रोहितने माइक उचलला आणि ती बिल्डरची गाडी असून तिची राखण या कुटुंबाकडे आहे, असा खुलासा केला. (रोहितला दोष देता येणार नाही. सहलीला प्रवाशांच्या अभिप्रायात तारे मिळाले नाहीत तर त्याची नोकरी जाते. गरिबी ही या कथेत एकट्या त्याच्याच अंगावर खरोखर येऊ शकत होती.)

मग पुंजाअप्पा उठले. धोतराला हात पुसले, पंगतीच्या मधोमध आले आणि बोट करून म्हणाले, "तो बंगला आमचा हाय."

बँक अधिकाऱ्यांनी गॉगल काढून डोळे टिपले.

"आजोबा, परत एकदा म्हणाल का?" एका मुलीने विचारलं. "व्हिडिओ सुरू नव्हता."

"बंगला आमचा हाय. सातबारा दाखवू का?"

"अप्पांचं हे स्वप्न आहे," रोहित माइकवर म्हणाला, आणि त्याचा आवाज खरोखरच कापत होता. "त्या स्वप्नासाठी एकदा टाळ्या होऊन जाऊ द्या."

टाळ्या झाल्या. त्या थांबायच्या आत योगेशने जाऊन बंगल्याचं दार उघडलं, सताड. आत सोफा दिसत होता, त्यावर सुवर्णाबाईंचं विणकाम पडलं होतं. "या ना आत," तो म्हणाला. "बघा तरी."

कोणी उंबऱ्याच्या आत पाऊल टाकलं नाही. "नको रे बाळा," मॅडम म्हणाल्या. "मालक अचानक आला तर तुझी नोकरी जायची." शहरातला माणूस दुसऱ्याच्या नोकरीची किती काळजी करतो, याचं याहून चांगलं उदाहरण मिळणार नाही.

हा भाग माहितीपत्रकात नाही

हात धुवायच्या जागी एका फेटेवाल्याने पुंजाअप्पांना बाजूला घेतलं. फेटा काढून हातात धरला. "मी भारत. वसईहून आलो. आमचं मूळ कळवणकडचं, त्यामुळं खेड्यातली परिस्थिती मला नवी नाही, दादा. परिस्थितीचं मला काही वाटलं नसतं. पण बायोडाटात दुसऱ्याचा बंगला लिहायचा म्हणजे..."

"अवो, पन—"

"राहू द्या. जेवण चांगलं होतं."

पुंजाअप्पांनी 'आमचं काय, चाललंय' या वाक्याव्यतिरिक्त काही सुचतं का ते बघितलं. सुचलं नाही. दीपमालाबाई तोवर बसमध्ये जाऊन बसल्या होत्या.

वेदिका मात्र गोठ्यामागे योगेशपाशी येऊन उभी राहिली. तिने गॉगल कपाळावर सारला.

"तुम्ही योगेश ना? मी वेदिका."

योगेश धोतरात होता आणि त्याला ते पहिल्यांदाच जाणवत होतं. "बंगला खरंच आमचा आहे," तो म्हणाला.

"माहितीय. कुठला बिल्डर गच्चीत कुरडया वाळत घालतो?"

योगेश हसला. त्या दिवशी पहिल्यांदाच. "मग पप्पांना सांगा ना तुमच्या."

"सांगते. त्यांची समजूत पटेल. त्यांना बंगला मिळाला की झालं." तिने कपाळावरचा गॉगल काढून हातात घेतला. "मला एक सांगा, आपलं जमलं, तर रविवारी मी कुठे असणार?"

योगेशने वळून बघितलं. सुवर्णाबाई पुन्हा रहाटावर उभ्या होत्या. कोणाला तरी रील करायची होती. भरलेली घागर त्यांना विहिरीत परत ओतायला लावली होती, कारण पहिल्या वेळी सूर्य मागे आला होता.

योगेशला खोटं बोलता आलं असतं. दर रविवारचा सराव होता. "रहाटावर," तो म्हणाला.

"गावात राहायला मी तयार आहे हो. गाव म्हणून उभी राहायला नाही."

"आपण बंद करू ना हे."

"कधी?"

योगेशने प्रामाणिकपणे आठवून बघितलं. "बुकिंग दिवाळीपर्यंत हाय."

वेदिकाने मान हलवली. रागाने नाही, हिशेब बघणारी बाई शेवटचा आकडा बघून वही मिटते तशी. बसचा हॉर्न वाजला. रोहित फेटे गोळा करत होता.

अभिप्राय

त्या रविवारी सहलीला आजवरचे सर्वांत जास्त तारे मिळाले. निवडक अभिप्राय असे : "मनाने श्रीमंत माणसं." "मुलांना घेऊन जाच, त्यांना आपल्याकडे काय आहे ते कळेल." "आजोबा बंगल्याकडे बोट दाखवतात तेव्हा रडलो." एकाने योगेशसाठी जुने शर्ट कुरिअरने पाठवले. चांगल्या कंपनीचे होते, पण गळ्यात तंग झाले.

संस्था अभिप्रायांचा आदर करते. आता जेवणानंतर 'शेतकऱ्याचं स्वप्न' हा कायमचा कार्यक्रम झाला आहे. पुंजाअप्पा दर रविवारी उभे राहतात आणि बंगला आमचा हाय म्हणतात. दिवसभरात ते एवढं एकच वाक्य खरं बोलतात, आणि तेवढ्यालाच लोक स्वप्न समजतात. पहिल्या दोन-तीन वेळा ते चिडून म्हणायचे. चिडल्यामुळे व्हिडिओ आणखी चालले. आता ते शांतपणे म्हणतात. मध्यंतरी एका सोमवारी नळ दुरुस्तीला आलेल्या माणसाने बंगला कोणाचा म्हणून विचारलं, तेव्हा अप्पा जरा थांबले आणि त्यांनी सुवर्णाबाईंकडे बघितलं.

तक्रार एकच आली : "घरात सून नाही. कुटुंब अपुरं वाटतं." संस्थेने तिची गंभीर दखल घेतली. हौशी नाटकांत कामं करणाऱ्या मोहिनी नावाच्या बाईंची रविवारची सून म्हणून नेमणूक झाली आहे. डोक्यावर पदर घेऊन त्या घागर फार सुंदर उचलतात. योगेशकडे एकदाच, ओझरतं, लाजून बघतात. (त्या विवाहित आहेत. त्यांचे पती सातपूरला कारखान्यात आहेत आणि संध्याकाळी त्यांना न्यायला स्कूटरवर येतात. योगेश त्या पतीला चहा करून देतो.)

रंगनाथमामांनी प्रयत्न सोडलेले नाहीत. पण नवीन स्थळं आता फोनवरच सांगतात, "तो बंगल्याचा व्हिडिओवाला मुलगा ना? चांगली माणसं आहेत हो ती. आम्ही रडलो." आणि फोन ठेवतात.

इच्छुकांसाठी

इथपर्यंत वाचताना योगेशबद्दल वाईट वाटलं असेल, तर संस्थेला त्या भावनेची कदर आहे. वाईट वाटलेल्यांसाठी दोन सोयी उपलब्ध आहेत. ज्यांच्या घरात किंवा नात्यात लग्नाची मुलगी आहे त्यांनी रंगनाथमामांशी बोलावं. मुलगा निर्व्यसनी आहे आणि वर सांगितलेलं सगळं खरं आहे. ज्यांना नुसतंच वाईट वाटून घ्यायचं आहे त्यांनी वसईच्या कचेरीत तिकीट काढावं.

ही हकीकत आजवर ज्यांना ज्यांना सांगितली ते सगळे हळहळले. मामांचा नंबर एकानेही विचारला नाही. जेवणात तूप खरंच वाटीभर देतात का, हे मात्र बहुतेकांनी विचारलं.

देतात. खिडकीजवळची जागा हवी असेल तर लवकर कळवा, त्या जागा लगेच भरतात. स्थळाची घाई करू नका. ते मोकळंच आहे.